चिपवाल्या रेणू मॅडम

कंपनीतल्या माझ्या पहिल्याच दिवशी रेणू मॅडमनी मला स्वतःच्या टेबलाशी जेवायला बसवलं आणि माझ्या डब्याच्या झाकणात छोले वाढले. दुसऱ्याच घासाला दाताखाली काहीतरी कडक लागलं. मी हळूच ते बाहेर काढलं, तर शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी जेवणात खोट कशी काढायची, म्हणून मी ती झाकणाखाली सरकवणार, तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "मिळाला? अरे, सकाळपासून शोधते आहे त्याला!"

त्यांनी चकती पाण्यात बुडवली, ओढणीला पुसली आणि पर्समधून मोबाइलएवढं एक यंत्र काढून त्यावर धरली. यंत्र 'पीं' करून वाजलं.

"बोलला!" मॅडमनी टाळीच वाजवली. "कुकरमध्ये शिट्ट्या खाऊन आला, तरी बोलला! घे पुट, अजून छोले घे."

पुट म्हणजे सिंधीत मुलगा. मॅडमसाठी कंपनीतले सगळेच पुरुष पुट होते. मीही तेव्हा तिशीचा, एका मुलीचा बाप. पण पुट झालो.

आमची कंपनी अंबरनाथ एमआयडीसीतली, लहानशी. तिथे टॅग बनतात. टॅग म्हणजे एक बारीकशी चिप आणि तिच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. आत सेल नाही, काही नाही. वाचायचं यंत्र जवळ नेलं की त्याच्याच लहरींवर ती चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. आमच्या चिपा कमी फ्रिक्वेन्सीच्या. लांबचं त्यांना ऐकू जात नाही, पण पाणी, चिखल, चामडं यांच्या आडूनही त्या बोलतात. लोखंडापाशी मात्र बिथरतात. हे सगळं मला मॅडमनी शिकवलं. मी होतो विक्री विभागात, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली चिप द्यायची, हे ठरवणार रेणू मॅडम.

रेणू भागवानी. जन्म, शाळा, लग्न, संसार सगळं उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये. मराठी फाडफाड बोलायच्या, फक्त व्याकरणातली लिंगं स्वतःच्या मर्जीनं वाटायच्या. चिप आम्हा सगळ्यांसाठी 'ती', मॅडमसाठी 'तो'. एकदा मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाल्या, "बाई असती तर बोलायला यंत्र लागला असता का?"

गिऱ्हाईक आलं की बाकीचे विचारतात, किती हवेत, कधी हवेत. मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. "राहणार कुठं?" गिऱ्हाईक गोंधळून स्वतःचा पत्ता सांगायचं. मॅडम म्हणायच्या, "तुम्ही नाही हो, टॅग! टॅग कुठं राहणार? उन्हात, तेलात, खिशात? कोण त्याला आपटणार, कोण धुणार?" हे सगळं कळल्याशिवाय त्या चिपेचं नावसुद्धा काढायच्या नाहीत. आणि कळल्यावर तो टॅग स्वतः काही दिवस सांभाळायच्या. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये, माठाच्या तळाशी, लोणच्याच्या बरणीत. लोणच्यातला टॅग महिनाभर जगला आणि मग गप्प झाला, तेव्हा त्यांनी टॅगपेक्षा लोणच्याचं कौतुक जास्त केलं.

बदलापूरच्या एका मोठ्या सोसायटीचं काम आलं होतं. गेट उघडण्यासाठी प्रत्येक रहिवाशाला किल्लीत अडकवायचा टॅग. आधीचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं आणि चेअरमन त्यावर खूश होते. जादा टॅग हवेत एवढंच त्यांचं म्हणणं. मीटिंगला सगळी कमिटी बसली होती. चेअरमन म्हणाले, "मॅडम, या चिपेत नंबर कारखान्यातच कोरलेला असतो. कुणाच्या बापाला बदलता येत नाही. एकदम सेफ."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "बघू जरा तुमचा."

चेअरमननी किल्ल्या दिल्या. मॅडमनी टॅग आपल्या यंत्रावर टेकवला, मग पर्समधून एक कोरा टॅग काढून तोही टेकवला आणि किल्ल्या परत केल्या. चहा आला होता, तो घेतला. मग त्या गॅलरीत गेल्या आणि खाली हात हलवला. खाली गेटबाहेर भाजीची पाटी घेऊन एक मावशी उभ्या होत्या, वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता. मॅडमनी तो टॅग वरून त्यांच्या पाटीत टाकला. "मौसी, गेटला लाव!"

मावशींनी लावला. गेट उघडलं. वॉचमन सलाम ठोकायला उठला, कारण त्याच्या स्क्रीनवर चेअरमनसाहेबांचं नाव आलं होतं.

कमिटी चेअरमनसकट हसत सुटली. मॅडम म्हणाल्या, "साईं, नंबर कोरलेला आहे हा खरं. पण तो आपला नंबर सगळ्यांना सांगत सुटतो. एकदा ऐकला की दुसरा कुणीही तोच नंबर बोलणार. दाराला असा चिप पाहिजे, जो आधी समोरच्याला विचारेल, तू कोण?" असा, कुलूपवाला, चिप सोसायटीनं घेतला. (बघा, मीही 'असा चिप' लिहून गेलो.) मावशींना त्या दिवसापासून गेटमधून मोकळी ये-जा मिळाली, तीही मॅडमनीच चेअरमनकडून कबूल करून घेतली होती.

पण मॅडम म्हटलं की मला आठवतात त्या बकऱ्या.

जांभूळ गावाच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटाला एका संस्थेनं बकऱ्या दिल्या. बकऱ्यांचा विमा काढायचा होता, म्हणून प्रत्येकीला कायमची ओळख हवी होती. काम आमच्याकडे आलं. आमचे मालक गिरीशशेट खूश झाले, कारण गोदामात एकशेपंचवीस किलोहर्ट्झचे टॅग खोकी भरून पडून होते. मॅडमनी एकशेचौतीसची चिप मागवायला सांगितली, तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"रेणूताई, एकशेपंचवीस आणि एकशेचौतीस, असा काय मोठा फरक आहे?"

"गिरीश, रेडिओचा काटा एवढासा सरकव आणि बघ गाणा ऐकू येतो का," मॅडम म्हणाल्या. गिरीशशेटच्या वडिलांपासून त्या कंपनीत होत्या, त्यामुळे शेट त्यांच्यासाठी नुसता गिरीश. "जनावरांच्या डॉक्टरांचे सगळे यंत्र एकशेचौतीसवर ऐकतात. उद्या बकरी मेली, डॉक्टरनी यंत्र लावला आणि टॅग गप्प बसला, तर ती बाई काय करणार?"

शेटना पटलं नाही. मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या शेटना आणि मला घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर पाटील हा भला माणूस. त्यांनी आपलं जुनं यंत्र शेटच्याच हातात दिलं. शेटनी आपला टॅग त्यासमोर धरला. उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा लावून धरला. यंत्र ढिम्म.

"बॅटरी गेली असेल," शेट म्हणाले.

मॅडमनी पर्समधून दुसरा टॅग काढून टेकवला. पीं.

शेटनी मॅडम आणि डॉक्टर, दोघांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या टॅगकडे पाहिलं. "मागवा," ते म्हणाले, "पण माझी खोकी?"

"तुझ्या खोक्यांसाठी मी घर शोधते," मॅडम म्हणाल्या. आणि शोधलं. कॅम्प तीनमधल्या जीन्स धुणाऱ्यांकडे त्या तीन आठवडे खेपा घालत होत्या. तिथे पँटींचे ढीग दगड घालून मोठ्या मशीनमध्ये घुसळतात, कागदाच्या चिठ्ठ्यांचा लगदा होतो आणि कुठला ढीग कुणाचा ते कळत नाही. शेटच्या टॅगवर मॅडमनी जाड प्लॅस्टिकचं कवच चढवलं आणि ते बटणासारखे ढिगांना लावून पाहिले. वाचायचं यंत्रही आमचंच, त्यामुळे एकशेपंचवीस चाललं. गोदाम रिकामं झालं.

वाडीवर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅडमकडे कानात मारायचे पिवळे टॅग होते. बचत गटाची प्रमुख जनी नावाची चाळिशीची बाई. ती टॅग हातात घेऊन हसायलाच लागली.

"बाय, ह्ये कानात ऱ्हायाचं नाय."

"का गं?"

"आमची बकरी करवंदीच्या जाळीत शिरते. कान अडकला की फाटल."

मॅडम तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "मग कुठं राहणार सांग. गळ्यात?"

"गळ्यातला काय, कुनीबी काढल."

मॅडमनी थोडा वेळ बकऱ्यांकडे पाहिलं. त्या निवांत रवंथ करत होत्या. मग एकदम मांडीवर थाप मारली. "पोटात! पोटात राहील तो!"

जनीनं माझ्याकडे पाहिलं, या बाईला ऊन लागलंय का, अशा नजरेनं. पण मॅडम खरं तेच सांगत होत्या. चिनी मातीची अंगठ्याएवढी गोटी असते, आत चिप. ती नळीनं जनावराच्या घशात सोडली की पोटाच्या एका कप्प्यात जाऊन बसते आणि जन्मभर तिथेच राहते. जनावराला काही त्रास नाही. परदेशात मेंढ्यांना देतात. जनीनं गोटी हातात घेऊन वजन केलं, वास घेतला आणि विचारलं, "आन् ही आतून वरडत बसंल का?" सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मॅडम सगळ्यांत मोठ्यानं.

डॉक्टर पाटलांनी आधी चारच बकऱ्यांना गोट्या दिल्या. आठवड्यानं जाऊन पाहिलं तर तीन बोलल्या आणि एक गप्प. मॅडमनी त्या बकरीच्या पोटावरून, पाठीवरून, मानेवरून यंत्र फिरवलं. काही नाही. मग वैतागून यंत्र खाली केलं आणि ते वाजलं. बकरीच्या पायाशी, पाल्यापाचोळ्यात, लेंड्यांमध्ये गोटी पडलेली होती. रवंथ करता करता बाईसाहेबांनी ती बाहेर काढून टाकली होती. मॅडमना राग येईल असं मला वाटलं, पण त्या तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "वा गं वा! तू माझी इन्स्पेक्टर!" ही गोटी हलकी पडली, म्हणून बाद झाली. पुढच्या खेपेला जड गोट्या आल्या आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

आता उरलं होतं सगळ्या बकऱ्यांच्या गोट्यांत कुठली चिप बसवायची ते. एकशेचौतीसमध्येही दोन जाती. एक चिप यंत्राच्या लहरी चालू असतानाच बोलत राहते. दुसरी थांबते. यंत्र गप्प झालं की मग शांततेत बोलते, त्यामुळे तिचं लांबूनही ऐकू येतं. या दुसरीवर मॅडमचा फार जीव. कुणालाही तिची ओळख करून द्यायच्या तेव्हा म्हणायच्या, "आमच्या घरी लाल असाच आहे. मी थांबले की बोलतो. फक्त मी थांबत नाही." लाल म्हणजे त्यांचे यजमान. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं जायचं आणि ते खरोखरच काही न बोलता मान हलवायचे.

बकऱ्या एका रांगेत वाड्यातून बाहेर पडताना लांबून मोजता येतील, म्हणून मॅडमनी मनाशी हीच चिप धरली होती. नमुने घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांच्या यंत्रासमोर त्यांनी आपली लाडकी गोटी धरली. यंत्र वाजलं नाही. त्यांनी पुन्हा धरली. डॉक्टर म्हणाले, "आमचं यंत्र स्वस्तातलं आहे हो मॅडम. सगळ्या जातींचं नाही ऐकत."

मॅडम गप्प झाल्या. त्यांना इतका वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. दोन हातांत दोन गोट्या घेऊन त्या बसून राहिल्या. मग डाव्या हातातली पर्समध्ये टाकली आणि उजव्या हातातली, नेहमीच्या साध्या चिपेची, टेबलावर ठेवली.

"हाच घेऊ."

परत येताना शेअर रिक्षात मी विचारलं, "मॅडम, वाईट वाटलं?"

"वाटला ना. पण पुट, माझा यंत्र काही वाडीवर राहणार नाही. राहणार डॉक्टरचा. त्याला ज्याची भाषा कळते तोच चांगला." मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, गाना लगाओ ना," आणि उल्हासनगर येईपर्यंत गाण्याबरोबर ताल धरून बसल्या.

साल-दीड साल गेलं. बकरी ईदच्या आधीचे दिवस होते, बकऱ्यांना भाव होता. एका दुपारी आम्ही जेवत असताना मॅडमचा फोन वाजला. पलीकडे जनी, रडवेली. रानात चरायला गेलेल्या चार बकऱ्या आदल्या दिवसापासून दिसेनात. शोधत शोधत ती बाजारात पोचली, तर चारही तिथे, एका व्यापाऱ्याच्या टेम्पोपाशी. व्यापारी म्हणत होता, मी सकाळीच एकाकडून रोख देऊन विकत घेतल्यात, बकऱ्या काय सगळ्या सारख्याच दिसतात, तुझ्या असतील तर निशाणी दाखव. हवालदार आला होता आणि त्यालाही काय करावं ते कळत नव्हतं.

"निशाणी पोटात आहे म्हणावं!" मॅडम ओरडल्या.

"म्हनले मी. हसत्यात समदे."

"डॉक्टरला बोलावलंस?"

"आलेत. हितंच हायेत."

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सगळा विभाग भोवती जमला, गिरीशशेट केबिनमधून हातात चपातीचा तुकडा घेऊन आले. फोनमधून बाजाराचा गलबला येत होता, बकऱ्यांचं ओरडणं, कुणाचं तरी हसणं. मग डॉक्टरांचा आवाज, "धरा तिला." आणि मग, बारीकसं, पीं.

"बोलला!" मॅडम खुर्चीवरून उठल्याच. डॉक्टरांनी नंबर मोठ्यानं वाचला आणि त्यांच्या मोबाइलमधल्या जनीच्या नावाशी तो जुळला. पलीकडचं हसणं थांबलं. दुसरी बकरी, पीं. तिसरी, पीं. आम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होतो.

चौथी मात्र बोलेना.

फोनमधून व्यापाऱ्याचा आवाज आला, "बघा, ही माझी! बाकीच्या घ्या, ही माझी!" जनी ओरडत होती, "माझीच हाय ती!" डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पोटभर फिरवून बघितलं. काहीच येत नाही."

शेटनी चपातीचा तुकडा तसाच हातात धरला होता. मॅडमनी दोन्ही तळहात टेबलावर टेकले. "डॉक्टर, बकरी उभी कुठं आहे?"

"इथेच, टेम्पोला बांधलेली."

"टेम्पोला कशी? जाळीला चिकटून?"

"हो, जाळीलाच."

"सोडा तिला! लोखंडाच्या अंगाला टेकून कसा बोलेल तो? लांब घ्या, मातीवर घ्या!"

पलीकडे धावपळ झाली. बकरी जोरात ओरडली. आणि मग ते 'पीं' आलं.

यावेळी मॅडम काही ओरडल्या नाहीत. त्या खाली बसल्या, ओढणीनं डोळे पुसले आणि मग फोनकडे तोंड करून एवढंच म्हणाल्या, "जनी, पाणी पाज त्यांना. दमल्या असतील."

व्यापाऱ्याचंही कौतुक करायला हवं. विकणाऱ्याचा फोन नंबर त्यानं हवालदाराला दिला आणि त्यावरून चोर त्याच आठवड्यात सापडला. आणि फोन बंद व्हायच्या आत त्याचाच आवाज आला, "वो फोनवाली मॅडम को पूछो, मेरे माल को भी ये गोली खिलाएगी क्या?" पुढे तो खरोखर आमचं गिऱ्हाईक झाला. मॅडमनी त्याला पहिल्या भेटीत दाल पकवान खाऊ घातलं आणि विचारलं, "राहणार कुठं?" तो म्हणाला, "भिवंडी."

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. मुलगी जबलपूरला असते, तिच्याकडे दोघांनी राहायला जायचं ठरलं होतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात वाडीवर जनीच्या मुलीचं लग्न होतं, आणि तिथे मॅडम आल्याच. गर्द जांभळी साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर काळा गॉगल. जेवणं झाली तशी ढोल वाजायला लागला आणि अंगणात बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरला. कुणी बोलावण्याची वाट न पाहता मॅडम मधेच घुसल्या. एका बाजूला जनी, दुसऱ्या बाजूला हळदीच्या अंगाची नवरी. पावलं त्यांना मुळीच जमत नव्हती. सगळ्या उजवीकडे वळल्या की या डावीकडे जायच्या आणि अख्खा फेर हसत हसत त्यांना ओढून घ्यायचा.

मला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मी मोटरसायकल सुरू केली आणि निघताना हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. फेर फिरत होता. मॅडम मांडवाच्या खांबाआड जायच्या, तिथून नुसतं त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि मग त्या पुन्हा समोर यायच्या, धापा टाकत, गॉगल नाकावर घसरलेला, चुकीच्या पायावर. वळणावर पोचून मी मागे वळून पाहिलं, तेव्हा ढोलाचा ताल वाढला होता आणि जनी त्यांना ओरडून काहीतरी शिकवत होती. मॅडम खाली आपल्या बुटांकडे बघत, मन लावून, पहिल्यापासून पावलं मोजायला लागल्या होत्या.